निळ्यावर बदामी

आमचं घर निळं होतं, आणि विकायचं असेल तर ते निळं राहून चालणार नाही, हे आम्हाला गुल्हाने काकांनी सांगितलं. सांगताना बिचारे इतके अवघडले होते, की साखर केव्हाची विरघळली तरी कपातला चहा ढवळतच बसले. काका बाबांच्याच कचेरीतले. बाबा आवक-जावक सांभाळायचे, काका पलीकडच्या टेबलावर, आणि फावल्या वेळात लोकांना प्लॉट, घरं दाखवून दलाली करायचे. माणूस लबाड नव्हता. लबाड असता तर बरं झालं असतं असं मला पुढे कितीदा वाटलं, निदान कुणावर तरी मनासारखं चिडता आलं असतं. "बाहेरचा रंग तेवढा बदला, वहिनी," ते आईला म्हणाले, "बदामी-फिदामी काही मारा. अन् ते वरचं नाव..." एवढं बोलून त्यांनी चहा पिऊन टाकला. वरचं नाव म्हणजे दारावर सिमेंटच्या उठावदार अक्षरांत लिहिलेलं 'पंचशील'. गवंड्याच्या शेजारी उभं राहून बाबांनी ती अक्षरं स्वतः आखून दिली होती.

घर विकायचं कारण सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला कोडं पडायला नको. बाबांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यात दोनदा एसटीनं नागपूरला जायचं, सुया टोचून रक्त धुऊन आणायचं आणि रात्री घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचं, असं चाललं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, किडनी बदला. आईची तपासली, ती जुळली. लग्नात पत्रिका जुळल्या नसत्या तरी चाललं असतं, आता हे जुळलं, असं आई दवाखान्यात हसून म्हणाली आणि लगेच पदर तोंडाला लावून बाहेर गेली. किडनी घरची होती, बाकी सगळं विकत घ्यायचं होतं. विकण्याजोगं आमच्याकडे काय, तर घर. घर गेलं तर बाबा राहणार होते, घर राहिलं तर बाबा जाणार होते. इतकं ते सरळ होतं. मी तेव्हा अकरावीत होते, आणि घरात हे कुणी मला समजावून सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती.

आमची कॉलनी दारव्हा रोडला, कचेरीत नोकऱ्या करणाऱ्यांची. तिथं घर घ्यायला यायचे ते आर्णी, दिग्रस, दारव्ह्याकडचे लोक, पोरांच्या शिक्षणासाठी यवतमाळात बस्तान हलवणारे. गुल्हाने काका त्यांना घेऊन यायचे, आणि ते लोक रस्त्यावरूनच निळा रंग, दारावरचं नाव आणि गच्चीवरचा पंचरंगी झेंडा बघून गाडी वळवायचे. काही तर पायही खाली टेकवत नसत. एकानं मात्र उतरून विचारलं, "गावात दुसरं काही हाय काय दाखवाले?" आई तेव्हा फाटकाशीच उभी होती. मी म्हटलं, मग आपल्याच लोकांना दाखवा ना. बाबा म्हणाले, "आपल्यातला कोन घेईन एवढं घर? ज्याच्यापाशी होतं त्यानं कवाच बांधलं." बाबांनी हिशेबी माणसाच्या आवाजात ते सांगितलं आणि आम्ही तिघांनी, म्हणजे काका धरून, माना डोलावल्या.

आडनावाची चिंता नव्हती. आम्ही वानखडे. आमच्याकडे हे आडनाव आमच्यातही आहे, कुणब्यांतही आहे, माळ्यांतही आहे. नव्या माणसाला आडनाव सांगितलं की तो आणखी एक खडा टाकून बघतो, "कोणते वानखडे?" काका म्हणाले, ते माझ्यावर सोडा, मी विषय बदलतो. एकूण माणसांवरून काही कळणार नव्हतं, घरावरून कळत होतं. म्हणून घर दुरुस्त करायचं ठरलं. दुरुस्ती हा शब्द बाबांचा. छत गळत नव्हतं, भिंतीला तडा नव्हता, दारं घट्ट लागत होती, तरी आम्ही त्याला दुरुस्ती म्हणत होतो.

त्या दिवसांतलं आमचं जेवण आठवलं की अजून माझी जीभ रुसते. बाबांना मीठ बंद, म्हणून आईनं सगळ्यांचंच मीठ कमी केलं. माझ्या पानात वेगळं मीठ वाढायची, पण ते वरून घातलेलं मीठ आणि शिजताना पडलेलं मीठ यात जमीनअस्मानाचा फरक. भाजी उकळून तिचं पाणी फेकून द्यायचं, कारण त्या पाण्यातलं काहीतरी बाबांना बाधायचं. डाळ घोटभर. अंबाडी बंद, टमाटर बंद, संत्रं तर बघायचंही नाही. बाबांना पाणीही मोजून. आई सकाळी एक बाटली भरून त्यांच्या उशाशी ठेवायची, ती दिवसभर पुरवायची. आमच्या यवतमाळात उन्हाळ्यात आठ-आठ दिवस नळ येत नाही. टँकरचा हॉर्न वाजला की अख्खी गल्ली गुंड-बादल्या घेऊन धावायची, बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बाकी असत. बाबा खाटेवरून म्हणायचे, "गावात पान्याची टंचाई नसलेला मी एकटाच हाव." त्यांचे विनोद असेच. आई हसायची, मला मात्र संताप यायचा.

पाण्याचं हे मुद्दाम सांगते आहे. आमच्या घरात पाण्याचा थेंब दोनदा कामाला यायचा. तांदळाचं धुवण भांड्याला, भांड्याचं अंगणात सड्याला, आणि न्हाणीचं पाणी मागच्या दारी पाटानं झाडांना. आमची पपई, कढीपत्ता, अळू सगळं न्हाणीच्या पाण्यावर पोसलेलं. आई म्हणायची, झाड काही साबणाचा वास घेत नाही. आता माझ्याकडे चोवीस तास पाणी आहे, तरी तांदूळ धुतलेलं पाणी सिंकमध्ये ओतताना माझा हात एकदा अडखळतो. सवय ती सवय.

रंगकाम आम्ही घरीच केलं. मजूर लावायचा तर तो चार घरी जाऊन सांगेल, ही भीती. आई आणि मी पत्र्याच्या तुकड्यानं निळा रंग खरवडायचो. खर्र खर्र, खर्र खर्र, दुपारभर तो आवाज. दात आंबायचे. निळी भुकटी केसात, भुवयांत, पाण्याच्या बाटलीच्या झाकणावर. मग खाचाखोचांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली आणि बदामी डिस्टेंपर मारला. वाळला तेव्हा बघतो तर काय, भिंत हिरवट! खालचा निळा वर येऊन बसलेला. दुसरा हात मारला, तरी कोपऱ्यांतून निळी झाक. दुकानदार म्हणाला, गडद रंगावर फिका लवकर चढत नाही, आधी चुना मारायचा असता. चुना मारला, त्यावर पुन्हा बदामी. आईच्या तळहाताला चुन्यानं भोकं पडली. किडनी द्यायची म्हणून डॉक्टरांनी तिला जपायला सांगितलं होतं आणि ही बाई शिडीवर चढून चुन्याच्या बोळ्यानं भिंत पुसत होती. मी ओरडले की म्हणायची, हाताचा अन् किडनीचा काय संबंध?

नाव मात्र बाबांनी स्वतः काढलं. मला वाटलं होतं बाबा विरोध करतील, निदान एक दिवस जेवायचे नाहीत. तसं काही झालं नाही. नागपूरहून आले, दुसऱ्या दिवशी जरा तरतरीत होते, स्टूल मागवलं आणि छन्नी-हातोडी घेऊन चढले. मी स्टूल धरून उभी. एका अक्षरावर दोन घाव मारायचे आणि धापा टाकत कपाळ भिंतीला टेकवायचे. सिमेंटचे कपचे माझ्या डोक्यावर पडत होते. मी म्हटलं, "बाबा, मी करते." ते म्हणाले, "नाई. तू नको करू. तुले लक्षात राहीन." आज मी बाबा गेले त्या वयाच्याही पुढे आले आहे, आणि त्यांनी केलं तरी माझ्या लक्षात राहिलंच की. त्यांना जगायचं होतं, इतकंच. माणसाला जगायचं असतं यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हे कळायला मला फार वर्षं लागली. त्या दिवशी मात्र मला त्यांची लाज वाटत होती आणि स्टूल सोडून पळून जावंसं वाटत होतं.

गच्चीवरचा झेंडा उतरला. बैठकीतले दोन्ही फोटो आणि संगमरवरी भुकटीची बुद्धमूर्ती आईनं तिच्या पौर्णिमेच्या पांढऱ्या साडीत गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवली. फोटोंच्या जागी दोन चौकोन उरले, तेही रंगवले. संध्याकाळची वंदना आई आता ओट्याशी उभी राहून, भाकर थापता थापता, ओठातल्या ओठात म्हणायची. कुणी घर बघायला आलं तर ऐकू जायला नको. भाकरीच्या थापांमध्ये मला तिचे शब्द ओळखू यायचे.

सगळं झाल्यावर गुल्हाने काका घरभर फिरले, खूश झाले आणि निघता निघता चपला घालत म्हणाले, "वहिनी, एक तुळस तेवढी लावून टाका. बायका आल्या की आधी तेच पाह्यतात." एवढंच म्हणाले. कुठं लावा, कशी लावा, काही नाही. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या अंगणात वृंदावन. तुळस कुठं लावायची हे कुणाला सांगावं लागतं, हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नसणार. आईनंही विचारलं नाही. झाड लावायचं त्यात काय विचारायचं? आठवडी बाजारातून ती एक टवटवीत रोप घेऊन आली. पुढचं अंगण उन्हानं दगड झालेलं, तिथं गवतही जगत नव्हतं, आणि टँकरचं पाणी रोपाला घालण्याइतकी उधळपट्टी आमच्या घरात कुणी केली नसती. मागच्या दारी न्हाणीच्या पाटाला लागून मऊ, ओली माती होती, पपईची सावली होती. आईनं तिथं लावली. वर चार विटांचं आळं केलं, आळ्याला गेरू फासला. तुळस अशी तरारली म्हणता! आई मला दाखवत म्हणाली, पाह्य कशी जीव धरून राह्यली. खूप दिवसांनी तिचा चेहरा सैल झालेला मी पाहिला.

आणि मग आर्णीचे गुरुजी आले. सोबत बायको, गुरुजीण बाई. या वेळी गाडी वळली नाही. आत आले, बसले. मी पाणी नेलं. आई स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्या हातातल्या पेल्यांकडे टक लावून बघत होती. दोघांनीही पाणी पिलं, पेला खाली ठेवला आणि आईनं इतका मोठा श्वास सोडला की मला वाटलं त्यांना ऐकू गेला. गुरुजींनी भिंतीवर हात फिरवला, नळ सोडून बघितला, तो कोरडा होता, पण तो सगळ्यांचाच होता. बाबा खुर्चीवर इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसले होते. हाताच्या सुया टोचलेल्या जागेला फुगार आला होता, म्हणून उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट. बदली झाली म्हणून विकतो आहे, असं त्यांनी सांगितलं. गुरुजी म्हणाले, घर पसंत आहे, येत्या गुरुवारी बयाणा देऊन टाकतो. बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत मी तसं काही आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. मी आत जाऊन आधणात साखर जास्त घातली.

चहा होईस्तोवर बाई म्हणाल्या, मागचं दार पाहू. आई पुढं, बाई मागं, मी चहाचं पातेलं सोडून त्यांच्यामागं. आधण ठेवल्यावर मीच न्हाणीत धुण्याची बादली ओतली होती. पाटातून फेसाचं पाणी वाहत येऊन तुळशीच्या आळ्यात शिरत होतं, दोन-चार बुडबुडे पानांना लागले होते. बाई तिथं थांबल्या. बघत राहिल्या. आवाज अजिबात न चढवता त्यांनी विचारलं, "तुळस इथं लावली तुम्ही?"

आईला वाटलं कौतुकच करताहेत. ती हसून म्हणाली, "हो ना बाई. पुढं पानी कुठून आनाव? इथं तिले दिवसभर पानी भेटते."

बाईंनी एकदा आईच्या चेहऱ्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत, तोंड वाकडं केलं नाही. फक्त पदर सावरून घेतला आणि आत आल्या. मी कप पुढं केला तर म्हणाल्या, उपास आहे. गुरुजींना म्हणाल्या, चला, उशीर होते. गुरुजी अर्धा चहा ठेवून उठले. आईला काहीच कळलं नव्हतं. ती फाटकापर्यंत गेली आणि गुरुवारी जेवायलाच या, म्हणाली.

गुरुवारी कुणी आलं नाही. शुक्रवारी गुल्हाने काका एकटेच आले. घराची दिशा त्यांना पटत नाही, म्हणाले. बाबांनी खोदून विचारलं तेव्हा खाली मान घालून काकांनी खरं काय ते सांगितलं. मोरीच्या पाण्यात तुळस कोणी लावते का वहिनी, असं काहीसं पुटपुटले आणि डोळे पुसत निघून गेले. चहासाठीही थांबले नाहीत. आर्णीकडच्या लोकांत आता हे पसरणार, हे काकांनी सांगितलं नाही, पण आम्हाला कळलं.

आईनं पानं वाढली. बिनमिठाचं वरण, भात, उकळून पिळलेली दोडक्याची भाजी. बाबांनी घास उचलला आणि खाली ठेवला. जन्मात कधी आईला टाकून न बोललेला माणूस, तो म्हणाला, "तुले एवढंही मालूम नाही?"

आईनं हातातली वाटी ठेवली. "माह्या मायनं घरातले देव नदीत सोडले तवा मी तिच्या पोटात होती," ती म्हणाली. "मले कोन शिकवन तुळस कुठी लावाची थे?"

बाबांनी पान पुढं ओढलं. मग म्हणाले, "मीठ दे." आई तशीच बसून राहिली. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं, हुकूम नव्हता, पाहुण्यानं मागावं तसं मागितलं. आईनं मिठाची बरणी त्यांच्यापुढं सरकवली. बाबांनी वरणात मीठ घालून कालवलं आणि कितीतरी दिवसांनी भात पोटभर खाल्ला. मी रडत होते आणि जेवतही होते. आई जेवली नाही.

त्यानंतर घर बघायला कुणी आलं नाही असं नाही. एक-दोघं आले, बघून गेले, काकांनी जीव तोडून खटपट केली. पण घरातलं कुणी त्यात नव्हतं. बाबा नागपूरला जायला कंटाळा करू लागले, एक वारी चुकवायचे, मग दुसरी. अंगावर सूज चढली. पाण्याची बाटली दुपारीच संपायची आणि आई न बोलता पुन्हा भरून ठेवायची. पावसाळा तोंडावर असताना बाबा गेले, त्या बदामी घरात, भिंतीकडे तोंड करून. आई जुळलेली किडनी पोटात घेऊन अजून जगते आहे. परवा डॉक्टर तपासून म्हणाला, आजी, किडन्या तुमच्या एकदम फसकलास. तिनं त्याच्याकडे असं बघितलं की तो पोरगा गोंधळला.

बाबांच्या पुण्यानुमोदनाला माणसं आली त्यात बाभूळगावकडचं एक जोडपं होतं, विहारातल्या ओळखीनं आलेलं. तो एसटीत कंडक्टर, ती नर्स. बाबांचा फोटो समोर मांडलेला, भंतेजींचं बोलणं झालेलं, खिरीच्या वाट्या फिरत होत्या. तो कंडक्टर घर बघत होता. त्यानं भीत भीत आईला विचारलं, घर अजून इकाचं हाय काय? आई म्हणाली, होतं. आता काय करता इकून, अन् ठेवून तरी काय करता. मग त्यानं सांगितलं. त्यांच्या पोरांना यवतमाळात शाळेत घालायचं होतं, दोघांच्या पगारावर कर्ज मंजूर होऊन पडलं होतं, उन्हाळाभर ते याच कॉलनीत घर शोधत फिरत होते. आमच्या गल्लीतूनही दोनदा गेले होते. फाटकावर 'विकणे आहे' वाचलंही होतं.

"मंग?" आईनं विचारलं.

तो बायकोकडे बघून म्हणाला, "आम्ही बाहेरूनच पाह्यलं, माय. म्हटलं हे काही आपल्यातलं घर नाही दिसत. आपल्याले कायले देतीन थे लोक? कायले आपला अपमान करून घ्या? म्हनून गेलो पुढं."

 गुल्हाने काका कोपऱ्यात खीर घेऊन बसले होते, त्यांनी वाटी खाली ठेवली. मला वाटलं आई आता किंचाळेल, फोटोसमोर जाऊन पडेल, काहीतरी करील. ती त्या माणसाजवळ सरकली आणि लहान पोराच्या हाताला धरावं तसा तिनं त्याचा हात हातात घेतला.

"दार वाजवाचं होतं ना, बापू," ती म्हणाली. "आम्ही घरातच होतो."